मिनिएचर आफ्रिकन व्हायोलेट इंदूरच्या घरात: आकार आणि वाढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत ज्या ज्या घरी मी मिनिएचर, म्हणजे थोडक्यात मिनी, आफ्रिकन व्हायोलेट या लवदार पानांच्या फुलझाडाची लावायला पानं किंवा रोपं देते, तिथून वर्षभर तेच प्रश्न येतात. रोप केवढं व्हायला हवं? ते फारच मोठं का झालं? किंवा वाढतच का नाही? म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात. मिनी रोप लहान राहावं म्हणून त्याला तहानलेलं, उपाशी किंवा अंधारात ठेवायचं नसतं. लहान असणं त्याच्या जातीतच आहे. नीट जोपासलेलं मिनी आपोआप लहान आणि भरगच्च राहतं, हाल झालेलं मिनी उलट पसरतं.

मिनिएचर म्हणजे नेमकं केवढं?

मोजायची ती रुंदी, उंची नाही. रोपाकडे वरून बघायचं आणि एका बाजूच्या पानाच्या टोकापासून समोरच्या पानाच्या टोकापर्यंत पट्टी धरायची. फुलं त्यात धरत नाहीत. अमेरिकेतल्या आफ्रिकन व्हायोलेट सोसायटीने ठरवलेली मापं जगभर वापरली जातात. पूर्ण वाढलेलं रोप ६ इंचांपर्यंत, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरपर्यंत रुंद असेल तर मिनिएचर. ६ ते ८ इंच असेल तर सेमी-मिनिएचर. ८ इंचांच्या पुढे स्टँडर्ड, आणि १६ इंचांच्या पुढे गेलं की लार्ज. म्हणजे मिनी रोप चहाच्या बशीत मावायला हवं.

यातला ‘पूर्ण वाढलेलं’ हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या जातीचं बाळरोपही एका वयात ६ इंचांचंच असतं.

नर्सरीतून मिनी म्हणून आणलेलं रोप वर्षभरात फूटभर रुंद झालं. आमचं काय चुकलं?

बहुतेक वेळा तुमचं काहीच चुकलेलं नसतं. छोट्या कुंडीतलं, नुकतंच फुलू लागलेलं स्टँडर्ड रोप ‘मिनी’ म्हणून विकलं जातं. विकणाऱ्यालाही कित्येकदा फरक माहीत नसतो. जातीचं नाव सांगता येत नसेल, तर त्याच्या आकाराची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

घेताना पान बघा. खऱ्या मिनीचं पूर्ण वाढलेलं पान जेमतेम एक-दीड इंचाचं असतं, देठ आखूड असतो आणि एवढ्याशा पसाऱ्यातही पानांच्या तीन-चार रांगा दिसतात. चारच मोठी पानं आणि मधून डोकावणारी कळी असं रोप दिसलं, तर ते मोठ्या जातीचं बाळ आहे असं समजा. घ्यायला हरकत नाही, फक्त जागा मोठी लागेल याची तयारी ठेवा.

रोप जातीचं मिनी असूनही मोठं झालं, तर मी चार गोष्टी तपासते आणि त्याही याच क्रमाने: उजेड कमी पडतोय का, कुंडी मोठी आहे का, पानांच्या बेचक्यात पिल्लं, म्हणजे बाजूची नवी रोपं, फुटली आहेत का, आणि खतात नत्र जास्त आहे का. अगदी क्वचित जातच फिरते. पानापासून केलेल्या रोपांत एखादं मूळ रोपापेक्षा मोठं किंवा वेगळं निघतं. त्याला उपाय नाही, ते रोप वेगळं समजूनच वाढवायचं.

हे रोप मुळात कुठलं? आणि एवढं लहान कसं झालं?

मूळ टांझानियातलं आणि त्याला लागून असलेल्या केनियाच्या काही भागातलं. १८९२ साली तेव्हाच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत अधिकारी असलेल्या वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांना उसांबारा डोंगरात ते दिसलं. त्यांनी ते जर्मनीत वडिलांकडे पाठवलं, आणि १८९३ साली हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेतल्या हेर्मान वेंडलांड यांनी त्याला सेंटपॉलिया हे नाव दिलं. २०१५ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पस या गटात धरतात. घराघरांत मात्र जुनंच नाव चालतं. नावात व्हायोलेट असलं तरी खऱ्या व्हायोलेटशी याचं नातं नाही. हे ग्लॉक्सिनियाच्या कुळातलं आहे.

रानात ते शेवाळलेल्या खडकांच्या फटीत, झाडांच्या सावलीत वाढतं. मुळांना माती मूठभरच मिळते, हवा मात्र दमट आणि ना फार गरम ना फार थंड. पुढचे सगळे प्रश्न या एका चित्रावरून सुटतात, म्हणून ते लक्षात ठेवा. शूमेन्सिस नावाचा रानातला एक मुळातच बुटका प्रकार आहे. आजच्या बऱ्याच मिनी जातींमध्ये त्याचं रक्त आहे. संकर करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यातली लहान रोपं निवडली. बोन्सायसारखं इथे कोणी मुळं छाटून किंवा तारा बांधून लहान केलेलं नाही.

याची मूळ रानं तुटत चालली आहेत आणि काही रानटी प्रकार नष्ट होण्याच्या बेतात आहेत. आपल्या खिडकीत जे सहज फुलतं, त्याचे पूर्वज डोंगरात टिकतील की नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

कुंडी केवढी घ्यावी? मोठी घेतली तर रोप लवकर वाढेल ना?

पानं वाढतील, फुलं थांबतील, आणि मातीचा रिकामा भाग ओला राहून मुळं कुजतील. नियम सोपा आहे: कुंडीचं तोंड रोपाच्या रुंदीच्या एक तृतीयांश. ६ इंचांच्या मिनीला २ इंचांची कुंडी, ८ इंचांच्या सेमीला फार तर अडीच इंचांची. आपल्याला जीव भरून माती घालायची सवय असते, त्यामुळे हे माप पहिल्यांदा बघताना रोपावर अन्याय होतोय असं वाटतं. तो होत नाही.

चहाचं कुल्हड वापरू का, असं इंदूरमध्ये हमखास विचारतात. खाली भोक पाडता आलं तर चालेल, पण ते उन्हाळ्यात फार लवकर सुकतं आणि त्याच्या काठावर क्षार साचतात. त्या काठाला टेकलेले देठ सडतात. प्लास्टिकची छोटी कुंडी बरी.

माती म्हणून आपली माळव्याची काळी माती थोडीसुद्धा घालू नका. कापसाला ती चांगली, पण या रोपाची केसासारखी मुळं तिच्यात गुदमरतात. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि परलाइट व व्हर्मिक्युलाइट हे हलके खनिज दाणे, असं सगळं सम प्रमाणात घ्या. बोरिंगचं पाणी असेल तर परलाइट थोडं जास्त घाला. मिश्रण हातात दाबलं तर गोळा न होता सुटं पडायला हवं.

उजेड किती? आमच्याकडे पूर्वेची खिडकी नाही.

पूर्वेची असेल तर उत्तम, कोवळं ऊन चालतं. उत्तरेचीही चालते. दक्षिण-पश्चिमेला पातळ पडदा हवाच.

उजेड पुरतो की नाही हे रोपच सांगतं. कमी पडला की देठ लांबतात, पानं वर उभी होतात आणि ५ इंचांचं रोप काही महिन्यांत ७-८ इंचांचं दिसू लागतं. लोक त्याला ‘छान वाढ झाली’ म्हणतात, पण ती वाढ नव्हे. रोप उजेड शोधत लांबलेलं असतं. उजेड जास्त झाला तर पानं फिकटतात, खाली वळून कुंडीला चिकटतात आणि मधला भाग घट्ट होतो. नेमका उजेड मिळालेलं रोप सपाट, चक्रासारखं पसरतं.

खिडकीच नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांपासून ८ ते १२ इंच वर लावा आणि दिवसाला १२ ते १४ तास चालू ठेवा. रात्रीचे किमान ८ तास अंधार लागतो, नाहीतर कळ्या धरत नाहीत. खिडकीतल्या रोपाला आठवड्याला एकदा पाव वळण द्या, म्हणजे ते एका बाजूला झुकत नाही.

मे महिन्यात रोप जगतच नाही. इंदूरमध्ये हे शक्य तरी आहे का?

शक्य आहे. पण खरी परीक्षा तीच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

या रोपाला १८ ते २७ अंश सेल्सियस आवडतं. तीस-बत्तीसच्या पुढे वाढ मंदावते, कळ्या उमलण्याआधीच वाळतात, नवी पानं बारकी आणि ठिसूळ येतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चाळीस, नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, कधी त्याहून जास्त, आणि हवा कोरडी ठणठणीत. पण रोप बाहेर नसतंच, घरात असतं. कूलर चालणारी खोली बाहेरपेक्षा बरीच थंड आणि दमट असते. या रोपाला दोन्ही हवंच असतं. ज्या घरात दुपारी माणसं कूलरच्या खोलीत बसतात, त्याच खोलीत रोपं ठेवा. फक्त कूलरच्या थेट झोतात नको, कारण पानांवर लव असते आणि ती सतत ओली राहिली की डाग पडतात. खोली एसीची असेल तर तीही चालेल, पण तिथली हवा कोरडी असते. रोपांच्या ताटलीत खडे आणि त्यांच्या पातळीखाली पाणी ठेवा.

दुसरी गोष्ट ट्यूबची. तीही थोडी उष्णता देते. उन्हाळ्यात तिची वेळ उलटी करा: संध्याकाळी सातला लावा, सकाळी सातला बंद करा. माळव्याच्या रात्रीचं एवढं कौतुक उगीच होत नाही, आपल्याकडे रात्री खरंच उतार पडतो. रोपाने आपलं काम त्या वेळात केलेलं बरं. मात्र असं केलंत तर दिवसा त्या कोपऱ्यात अंधार हवा.

एप्रिलच्या शेवटी मी सगळ्या कळ्या खुडते. मन होत नाही, पण ती ताकद मुळांना आणि पानांना मिळते. खत नेहमीच्या पाव मात्रेवरून आणखी अर्धं करा किंवा जूनपर्यंत बंदच ठेवा. कुंडी बदलू नका, पान लावू नका. पानं लुळी दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका, आधी बोटाने माती बघा. उष्णतेने मुळं दमलेली असताना ओल्या मातीत आणखी पाणी गेलं, तर मधला गाभा एका दिवसात सडतो. उन्हाळ्यात जाणारी बहुतेक रोपं तहानेने जात नाहीत, अशीच जातात.

पांढऱ्या कडांची, चितकबरी पानं असतील तर उन्हाळ्यात नवी पानं हिरवीच येतात. घाबरू नका, गारवा आला की पांढरा रंग परततो.

पावसाळ्यात?

वाढीचा मोसम जुलैपासून सुरू होतो. हवा दमट असते, पण पाणी कमी लागतं. पानं एकमेकांवर दाटली असतील तर खालची काढा आणि हवा खेळती ठेवा.

थंडीत वाढ थांबली आहे. रोप मेलं का?

नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इंदूरला पारा दहाच्या आसपास जातो, कधी त्याखालीही. खोलीत १५ च्या खाली गेलं की रोप स्वस्थ बसून राहतं. खिडकीच्या काचेपासून रात्री हातभर आत घ्या आणि पाणी कोमट द्या. थंडगार पाण्याचे थेंब पानावर पडले तर फिकट, वेडीवाकडी वर्तुळं उमटतात आणि ती कायमची राहतात. पानांवर पिठासारखी भुरी दिसली, तर हवा खेळती नाही आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडतोय असं समजा.

एकाच कुंडीत तीन-चार रोपं झाल्यासारखी दिसतात. तशीच ठेवू का?

ती पिल्लं आहेत. पानाच्या बेचक्यात फुटतात आणि मिनीचा आकार बिघडवण्यात त्यांचाच हात सगळ्यात मोठा असतो. फुलाची कळी आणि पिल्लू सुरुवातीला सारखंच दिसतं. चार इवली पानं दिसेपर्यंत थांबा. पानंच येत राहिली तर ते पिल्लू. बोथट पेन्सिलीच्या टोकाने हलकेच काढून टाका, किंवा थोडं मोठं झाल्यावर वेगळं लावा.

याला अपवाद ट्रेलर जातींचा. त्यांना अनेक फांद्या हव्याच असतात, त्या पसरत किंवा लोंबत वाढतात. त्यांची पिल्लं काढू नका.

खालची पानं काढता काढता मधे नागडा बुंधा दिसू लागला आहे.

हे प्रत्येक रोपाचं होतं. कुंडीतून काढा, बुंध्यावरची तपकिरी साल बोथट सुरीने हलकेच खरवडा, जेवढा बुंधा उघडा पडलाय तेवढाच मातीचा तळ कापून टाका आणि रोप खाली बसवून त्याच कुंडीत, नव्या मातीत लावा. खरवडलेल्या बुंध्यातून नवी मुळं फुटतात. मोठी कुंडी नको, तीच हवी. मिनीला वर्षातून दोनदा तरी असं करावं लागतं, कारण त्याची एवढीशी माती लवकर दमते. इंदूरसाठी महिने म्हणाल तर फेब्रुवारी आणि पाऊस लागल्यावर जुलै-ऑगस्ट.

असं करत गेलं तर एकच रोप वर्षानुवर्षं टिकतं. ‘याचं आयुष्य किती’ याचं उत्तर बुंध्याकडे लक्ष ठेवणाऱ्याच्या हातात आहे.

पानापासून रोप व्हायला किती वेळ लागतो? संक्रांतीच्या वाणाला देता येईल का?

येईल, पण गणपतीतच सुरुवात करायला हवी. बाहेरच्या जुन्या रांगेतलं किंवा अगदी आतलं कोवळं पान घेऊ नका, मधल्या रांगेतलं घ्या. देठ इंचभर ठेवून तिरका कापा आणि ओलसर मिश्रणात खोचा. वरून पारदर्शक झाकण ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं येतात, दोन ते तीन महिन्यांत देठाजवळ इवल्या पानांची रोपं वर येतात. एका पानाला तीन-चार सहज येतात. त्यांची पानं नखाएवढी झाली की सुटी करा. सप्टेंबरमध्ये लावलेलं पान जानेवारीत हळदीकुंकवाला देण्याजोगं होतं. बायका हौसेने नेतात, पण रात्रीच्या थंडीत उघडं नेऊ नका, कागदात गुंडाळून द्या. आणि सोबत सांगा की फूल लगेच येणार नाही. पान लावल्यापासून पहिल्या फुलाला सहा ते नऊ महिने लागतात, आणि आपला उन्हाळा मध्ये आला तर आणखी थोडे.

ज्यांच्या फुलावर चक्रीसारखे पट्टे असतात त्या कायमेरा जाती पानापासून तशाच येत नाहीत. त्यांची पिल्लंच लावावी लागतात. बी पेरलं तर दरेक रोप वेगळं निघतं, मिनी निघेलच असं नाही.

मधली पानं बारीक, कडक आणि करड्या लवेची झाली आहेत. मिनीच असल्याने असं दिसतं का?

नाही, हे धोक्याचं लक्षण आहे. निरोगी मिनीचा मधला भाग लहान असला तरी मऊ आणि मोकळा असतो. घट्ट मुठीसारखा, ठिसूळ आणि करडा झाला असेल तर सायक्लॅमेन माइटचा संशय घ्या. ती किड डोळ्यांना दिसत नाही. ते रोप ताबडतोब वेगळ्या खोलीत न्या, त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या रोपाला हात लावू नका. रोप साधंच असेल तर मी ते टाकून देण्याचा सल्ला देते. एका रोपाच्या मायेपायी सगळी खिडकी जाते.

कुठलंही नवं रोप आणलं की महिनाभर इतरांपासून दूर ठेवायची शिस्त लावून घ्या. मातीतला पांढरा पिठ्या ढेकूणही (मिलीबग) असाच येतो, आणि तोही वाढ खुंटवतो.

पाणी कसं आणि कुठलं द्यावं?

२ इंचांची कुंडी रोज बघायला लागते. नोकरी करणाऱ्यांनी वातीची पद्धत धरावी. कुंडीच्या भोकातून अ‍ॅक्रेलिक लोकरीचा एक धागा आत घ्या, दुसरं टोक खालच्या डब्यातल्या पाण्यात सोडा. श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला भोक पाडून, यासाठी अगदी योग्य मापाचा असतो. सुती वात नको, ती महिन्याभरात कुजते.

नळाचं नर्मदेचं पाणी रात्रभर भरून ठेवून वापरा. बोरिंगचं जड पाणी शक्यतो टाळा. तेच वापरावं लागत असेल तर महिन्यातून एकदा वरून साधं कोमट पाणी घालून माती धुऊन काढा. आरओचं शुद्ध पाणी चालतं, त्यातून बाहेर टाकलं जाणारं चालत नाही, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. खत समतोल, युरिया नसलेलं आणि पाव मात्रेत.

याहूनही लहान फुलझाड असतं का?

असतं. याच कुळातलं ब्राझीलचं सिनिंजिया पुसिला. सगळं रोप मिळून इंच-दीड इंच, आणि त्यावर फिकट जांभळी, नळीसारखी फुलं. त्याला मातीत बारीक कंद असतो. मधेच वरचं सगळं सुकलं तरी फेकू नका, कंद पुन्हा फुटतो. इंदूरच्या कोरड्या हवेत ते उघडं टिकत नाही, काचेच्या झाकणाच्या बरणीत ठेवावं लागतं.

घरात मांजर आहे, लहान मूलही आहे.

कुत्र्या-मांजरांसाठी आफ्रिकन व्हायोलेट विषारी मानलं जात नाही. किडीचं औषध मारलेलं रोप मात्र सगळ्यांपासून दूर ठेवा.

ग्वाल्हेरच्या बहिणीला आणि बडोद्याच्या मावशीला पाठवायचं आहे. तिथे हेच सगळं लागू पडेल का?

माप आणि कुंडीचा नियम तोच, ऋतूंचं गणित वेगळं. ग्वाल्हेरला उन्हाळा आपल्यापेक्षा कडक आणि थंडीही जास्त. तिथे रोप वर्षातले बरेच महिने बंद खोलीत, ट्यूबखालीच बरं. बडोद्याला थंडीचा त्रास कमी, पण पावसाळ्यात दमटपणा जास्त. तिथे मातीत परलाइट वाढवा आणि वात पावसाळ्यापुरती काढून ठेवा. दोघींनाही रोप न पाठवता पान पाठवा. देठाला ओला कापूस गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत ठेवलं की ते दोन-तीन दिवसांचा प्रवास सहज सोसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाठवा, आणि डबीवर जातीचं नाव लिहायला विसरू नका.